मामाचा रिव्हर्स

मामा, तुझ्या ओसरीवर बसून लोक तुझ्याविषयी काय काय बोलताहेत ते तुला ऐकू आलं असतं तर तू उठून बसला असतास. सकाळी एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, असा माणूस होणे नाही, आयुष्यात कधी मागे हटला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामीने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं तिला हुंदका आला. मी तिच्या शेजारीच होते, तिला हसू आवरत नव्हतं. जो माणूस जन्मभर मागे जाण्याचीच फुशारकी मारत आला, त्याला मेल्यावर असं सर्टिफिकेट मिळावं याला काय म्हणायचं? मयताच्या घरी वाद घालू नये एवढं मला कळतं, तुला कळत नव्हतं ते सोड.

पण मला तुझ्याशी वाद घालायचाच आहे. आपला एक वाद अर्धवट राहिला आहे आणि तू असा मध्येच निघून गेलास हे मला मुळीच पसंत नाही.

तुला इंग्रजी यायचं ते मोटारीपुरतं. ब्रेक, क्लच, हॉर्न, आणि रिव्हर्स. त्यातले पहिले तीन तू मोटारीलाच वापरलेस, चौथा मात्र साऱ्या जगाला. खांडबाऱ्याच्या लाकूड-ठेकेदाराकडे तू मोटार शिकलास. जंगलातली ती वाट एवढी अरुंद की वळवायला जागाच नाही, म्हणून लॉरी आत न्यायची ती मागे मागे, आणि लाकडं भरून सरळ बाहेर काढायची. बाकीचे लोक आधी पुढे जायला शिकतात आणि मागे जायला पुढे कधीतरी. तू आधी मागे जायला शिकलास. तुझ्या डोक्यात जे काही उलटसुलट होतं त्याचं मूळ तिथे आहे असं माझी आई, म्हणजे तुझीच बहीण, नेहमी म्हणायची.

मग ठेकेदाराची ती जुनी मोटार तू घेतलीस आणि नंदुरबारहून शहाद्याकडे उतारू न्यायला लागलास. मोटारीबरोबर तो शब्दही गावोगाव हिंडू लागला. मामीला तू सांगायचास, भाकरी रिव्हर्स कर, करपेल. तापीचा पूर ओसरला की तापी रिव्हर्स झाली. कुणाची ठरलेली सोयरीक मोडली की रिव्हर्स. क्विनाइनने ताप उतरला की ताप रिव्हर्स. मोटारीत एखाद्या उतारूला मळमळून आलं की तू वळूनही न बघता ओरडायचास, दखा रे, त्याले रिव्हर्स व्हई ऱ्हायनं, आणि शेजारचे लोक धोतरं सावरून बाजूला सरकायचे. गल्लीतल्या एकाने दारू सोडली तेव्हा तो रिव्हर्स झाला, आणि पुन्हा धरली तेव्हा डबल रिव्हर्स. लोक हसायचे, पण महिनाभरात तेही तसंच बोलायला लागायचे. बाजारात भाजीवालीसुद्धा नासकं वांगं परत करणाऱ्याला म्हणायची की आमच्याकडे रिव्हर्स नाही.

मी पाचवीपर्यंत शिकलेली. त्या काळी नंदुरबारात मुलीला पाचवी म्हणजे डोक्यावर शिंगं फुटल्यासारखंच. मी तुला म्हणायचे, मामा, भाकरी उलटतात, पूर ओसरतो, ताप उतरतो, सोयरीक मोडते, माणूस परततो, शब्द फिरवतात. ह्या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून त्यांना वेगवेगळे शब्द आहेत. तू म्हणायचास, इतके शब्द ध्यानात ठेवीन तर मोटार कधी चालवीन. आणि शेवटी तुझं ठरलेलं वाक्य यायचं:

"जिले रिव्हर्स नही ती गाडी कसानी गाडी?"

यावर माझं म्हणणं असं, की मोटार मागे गेली म्हणून झालेली गोष्ट न झाल्यासारखी होत नाही. भाकरी उलटली तरी पहिली बाजू भाजलेली ती भाजलेलीच. तुझं म्हणणं, होते. हाच तो वाद. माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू होता आणि माझ्या लग्नातच त्याने कहर केला.

आमच्यात नवरीला नवऱ्याच्या गावी नेऊन लग्न लावतात. माझं सासर कळसाडीचं, तापीच्या पलीकडे. घराण्यातली पहिली नवरी मोटारीने जाणार म्हणून सगळ्यांना केवढा तोरा. तुझी ती उघडी मोटार, वर नुसती ताडपत्री, मागे लाकडी बाकडी. माझ्या डोक्यावरून जाड शाल, मुंडावळ्या, वैशाखाचं ऊन. आत मी म्हणजे हळद लावून वाफवायला ठेवलेली कैरीच. बाहेर काय चाललंय ते मला कानांनीच कळत होतं.

नदीच्या उतरणीला मोटार लागली आणि थांबली. खालून टरबुजांचे गाडे चढत होते, एकामागे एक. नदीच्या वाळूत पिकवलेली टरबुजं नंदुरबारच्या बाजाराला चालली होती. वाट एकाच गाड्यापुरती. रिवाज असा की भरलेल्या गाड्याने चढ घेतला की त्याला वाट द्यायची. पहिल्या गाडीवानाने खाली उतरून नम्रपणे सांगितलं, "भरेल गाडा शे भाऊ, बैल काय मांगे सरकतस नही." तू म्हणालास, काही हरकत नाही, मी घेतो रिव्हर्स. तुझ्या आवाजात कोण आनंद. साऱ्या वऱ्हाडासमोर तुला तुझी कला दाखवायला मिळणार होती.

तेवढ्यात आमचे आबा, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, काठी आपटून म्हणाले की नवरीची गाडी मागे घ्यायची नाही. निघालेली नवरी मागे फिरली तर सासरी टिकत नाही. मग चर्चा सुरू झाली. कुणी म्हणालं नवरीला उतरवा, मोटार मागे घ्या, मग बसवा. तर दुसरा म्हणाला, वा, सासरच्या उंबऱ्याआधी नवरीचा पाय जमिनीला कसा लावता? कुणी म्हणालं उचलून घ्या. मला उचलण्यावरून माझ्या वजनाची जी चर्चा झाली ती मी शालीच्या आत बसून ऐकली, आणि कोण काय बोललं ते माझ्या आजही लक्षात आहे. गाडीवानांनी तोवर गाड्यांच्या चाकांना दगड लावले आणि एक टरबूज फोडून वऱ्हाडाला वाटलं. त्यांना घाई नव्हती. फुकटात असा तमाशा रोज कुठे मिळतो?

तेव्हा तू तो तोडगा काढलास. माझं बाकडं उचलून उलटं ठेवायचं, माझं तोंड मोटारीच्या शेपटीकडे. मोटार मागे जाईल, पण नवरी तोंड आहे तिकडेच, म्हणजे पुढेच जाईल. आबा विचारात पडले. तू त्यांना समजावलंस:

"नवरीनं तोंड जिकडे, नवरी तिकडे जाई ऱ्हायनी. मोटार कोठे जास ते मोटार दखी ली."

आबांनी काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ त्यात खोट शोधली. मग म्हणाले, बरोबर आहे. मला बाकड्यासकट उचलून फिरवलं. चढावर बाकडं घसरू नये म्हणून तू ते दोरीने पक्कं बांधलंस. मोटार मागे मागे चढून वर आली, एका लिंबाखाली थांबली, आणि टरबुजांचे गाडे राम राम करत निघून गेले. सगळ्यांनी तुझी पाठ थोपटली. तूही एक टरबूज खाल्लंस, हात धोतराला पुसलेस. मुहूर्त टळेल म्हणून आबा ओरडायला लागले. तू हँडल मारलंस आणि निघालास.

बाकडं तसंच राहिलं.

माझी मान शालीखाली. मला पुढे काय नि मागे काय. नदीच्या मध्यावर वारा सुटला, शाल थोडी उडाली आणि मला दिसलं की आपल्याकडचा काठ, तो लिंब, ती वाट हळूहळू लांब चालली आहे. मला फार बरं वाटलं एवढंच आठवतं. नवरीला पुढचं दिसण्यापेक्षा मागचं दिसत राहणं बरं असतं.

कळसाडीला मोटार पोचली तेव्हा माझी सासू तबक घेऊन वेशीत उभी होती. मोटार आली, वऱ्हाडाची तोंडं दिसली, आणि सगळ्यांच्या मागे, शालीत गुंडाळलेली, माझी पाठ. ती थबकली. वाजंत्री वाजत होती, निरांजन विझायला आलं होतं, वेळ दवडून चालणार नव्हतं. तिने माझी पाठ ओवाळली. मग आबांनी कपाळावर हात मारला आणि तू जिभेचा शेंडा चावलास म्हणे. पण तुमच्याच न्यायाने हिशेब झाला होता. नवरीचं तोंड जिकडे, नवरी तिकडे. म्हणजे मी सासरी आले ती माहेराकडे जात जात आले.

माझ्या सासूने लग्नात एक अक्षर काढलं नाही. तिने ते जपून ठेवलं आणि पुढे पुरवून पुरवून वापरलं. म्हशीला रेडा झाला, "हाई उलटी उनी ना," ही उलटी आली म्हणून. लोणच्याला बुरशी आली, उलटी उनी. रवीची दोरी तुटली, उलटी उनी. शेजाऱ्याचा बैल आमच्या कपाशीत शिरला तेव्हा मी तिला विचारलं की तो बैल तर सरळ आला होता ना? त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळालं. गावातल्या बायका पाणवठ्यावर मला बघून एकमेकींना कोपर मारायच्या. मी घागर उलटी ठेवली तरी हसू आणि सुलटी ठेवली तरी हसू.

इतपत मी सोसलं, आणि खरं सांगायचं तर मीही बोलण्यात काही बाकी ठेवलं नाही. पण दोन वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नाही, तेव्हा थट्टा संपली. सासूने एक दिवस शांतपणे सांगितलं की हिला माहेरी पोचवायची आणि चांगला दिवस बघून नीट, सुलटी, परत आणायची. ऐकायला किती साधं. पण आमच्या गल्लीत तसं शकुन काढायला माहेरी पाठवलेली एक होती. तिला आणायला चांगला दिवस कधी निघालाच नाही. ती भावाच्या शेतात कापूस वेचत म्हातारी झाली. मला ते ठाऊक होतं, सासूला ठाऊक होतं, आणि माझ्या नवऱ्यालाही ठाऊक होतं. तो जेवणाच्या ताटात बघत म्हणाला, माय म्हणेल तसं. माणूस वाईट नव्हता, मामा, पण आईसमोर त्याचा आवाज टरबुजाच्या बियांसारखा गिळला जायचा.

बांगड्या भरायला आलेल्या कासारणीकडून मी तुला निरोप धाडला. निरोपात फक्त एवढंच, की तुझ्या बाकड्यापायी माझा संसार मोडतोय.

तू दुसऱ्या दिवशी दुपारी आलास. मोटार दारात उभी केलीस, टोपी काढून ओटीवर बसलास, चहा घेतलास. सासूने तुला तेच सांगितलं: तुमची भाची उलटी आली, तिला घेऊन जा. मला वाटलं तू आता भांडशील, नाहीतर पाया पडशील. तू विहिणीला म्हणालास, याहीनबाई, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी उंबऱ्याआड उभी होते, मला तिथेच रडू फुटलं. मग तू पुढे बोललास.

"मीच आनेल शे, मीच सुलटी करसू. पन जशी उनी तशीच मांगे लई जासू. रिव्हर्समा."

तुझं म्हणणं असं: नुसती माहेरी नेऊन चालणार नाही. ज्या वाटेने, ज्या बाकड्यावर, जशी आली, तशीच मागे मागे मोटार न्यायची, दारापासून नदीपलीकडच्या त्या लिंबापर्यंत. म्हणजे आलेलं सगळं न आल्यासारखं होईल. तिथे बाकडं सुलटं करायचं आणि तिथून सरळ आणायची. आणि हे नीट झालं की नाही ते बघायला साक्षीदार हवा. दुसरा कोण पुरणार, तुम्हीच चला. माझी सासू शकुनाच्या बाबतीत कायद्याला धरून चालणारी बाई. आबांना जशी खोट सापडली नाही तशी तिलाही सापडली नाही. आणि खरं सांगू? ती जन्मात मोटारीत बसली नव्हती.

बाकडं बांधायला माझा नवरा पुढे झाला. न सांगता. आईसमोर माझ्या बाजूने त्याने केलेलं ते पहिलं काम, आणि त्याने दोरीला एवढ्या गाठी मारल्या की पुढे त्या कापाव्या लागल्या.

मग तू ती मोटार कळसाडीच्या दारापासून मागे मागे काढलीस. मी आणि सासू शेजारी शेजारी, तोंड शेपटीकडे, पुढे काहीच नाही, नुसता रस्ता अंगावर येतोय. तुझी मान पाठीमागे वळलेली, एक हात चाकावर, डोळे आमच्या दोघींच्या मधून रस्त्यावर. तू आम्हाला म्हणत होतास, डोकी बाजूला, डोकी बाजूला. गाव मागे धावत होतं, म्हणजे आमच्या दृष्टीने पाठीमागे, म्हणजे मोटारीच्या पुढे. मला आजही नीट सांगता येत नाही. एक बकरी मोटारीकडे बघत राहिली, तिला कुणीकडे पळावं ते कळेना. समोरून येणारा एक माणूस सायकलवरून उतरला आणि त्याने आम्हाला हात जोडले. पहिल्या खड्ड्याला सासूने माझा हात धरला. तो तिने सोडला नाही.

नदीच्या वाळूत मोटार रुतली. टरबुजवाल्यांनी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणून चाकांखाली टाकल्या, धक्के मारले, आणि त्यातल्या एकाने विचारलं की हे काय चाललंय? सासू ठसक्यात म्हणाली, सून सुलटी करी ऱ्हायनूत. त्याने मान डोलावली. आमच्या भागात लोक फार चौकशी करत नाहीत.

पलीकडची चढण चढून तू लिंबाखाली थांबलास. तुझी मान तशीच वाकडी राहिली होती, ती महिनाभर सुटली नाही. तू उतरलास, दोरी सोडायला आलास. सासू उठली नाही. ती समोर बघत होती. समोर म्हणजे नंदुरबारकडची वाट, आणि त्याच्याही पलीकडे धानोऱ्याची. धानोरा तिचं माहेर. हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. भावांशी कशावरून तरी बोलणं तुटलं, आई गेली, न्यायला कुणी आलं नाही, आणि बाई तापी ओलांडून परत कधी गेली नाही. ती हळूच म्हणाली,

"मी बी अशीच उनथू. गाडानी मांगे बठीसन."

मामा, मग आपल्याला कळलं. बैलगाडीत सामान पुढे, बाप्ये पुढे, आणि नवरी शेवटी, पाय खाली सोडून, तोंड मागे. तिच्या आधीच्या साऱ्या बाया तशाच आल्या असणार, आणि कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मोटार आली तेव्हाच पुढे बघत बसायची सोय झाली. ती लिंबाकडे बघत होती, आणि मी दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ती रडत नव्हती. ती वाट ओळखत होती.

इथे दुसरा कुणी असता तर दोघींना सुलट्या बसवून कळसाडीला आणून सोडून मोकळा झाला असता. काम फत्ते. तू टोपी घातलीस, तिला विचारलंस, याहीनबाई, धानोऱ्याला नेऊ? ती म्हणाली, आज नको, लुगडं मळकं आहे. तू म्हणालास, मोटारीत धूळ एवढी आहे की लोकांना वाटेल वाटेतच मळलं. मग गाठी कापून बाकडं सुलटं केलंस आणि मोटार फिरवलीस.

धानोऱ्याला तिच्या थोरल्या भावाने दार उघडलं. पांढरी धूळ माखलेली बहीण, बरोबर कोण कुठली एक तरणी बाई आणि मान वाकडी झालेला ड्रायव्हर. त्याचं तोंड उतरलं. "काय व्हयनं वं? काढी दिधं का तुले?" साठीच्या बाईला नवऱ्याने घालवून दिली असं त्याला वाटलं, आणि इकडे माझे सासरे तिला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नव्हते. मग सगळे हसले, मग सगळे रडले, मग पिठलं झालं. ती रात्री आईच्या जात्याजवळ झोपली. सकाळी परत येताना तिने जुन्या भांडणाचं काय झालं ते सांगितलं नाही, आणि तिला आठवत होतं की नाही याचीच मला शंका आहे.

कळसाडीला आम्ही दोघी सुलट्या बसून आलो. अडचण एवढीच झाली की ओवाळायचं कुणी. ओवाळणारीच मोटारीत. शेवटी माझ्या नवऱ्याने तबक घेतलं आणि बायकोला व आईला एकदम ओवाळलं. त्याने तबक इतकं जवळ नेलं की निरांजनाने सासूच्या पदराचा काठ जळता जळता वाचला. पण मला माहेरी पोचवायचं नाव पुन्हा त्या घरात कुणी काढलं नाही.

पुढे मला मुलगी झाली, आणि तू छाती फुगवून सांगायला लागलास की बघ, रिव्हर्सचा गुण. मी म्हणाले, काही गुण नाही. मोटार मागे गेल्याने काहीही पुसलं गेलं नाही. मी तशीच आले होते, ती तशीच आली होती, ते तसंच राहिलं. तिला फक्त ते दिसलं. तू मोटारीचं चाक पुसत होतास. वर न बघता म्हणालास, "मांगे गऊत म्हनीसन दखायनं ना." मी काहीतरी उत्तर दिलं असेल, आता आठवत नाही. पुढे किती वेळा मी नवं उत्तर तयार करून आले. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, तू मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवलीस, मागचं काही दिसेनासं झालं आणि रिव्हर्स घ्यायचा तर कुणीतरी खाली उतरून ओरडावं लागायचं. तेव्हा मी तुला डिवचलं की आता कुठे गेला तुझा रिव्हर्स? तू म्हणालास, तू आहेस ना ओरडायला. वाद तिथेच राहिला. मला वाटलं, पुढच्या खेपेला बघू.

इथे लोक आता असंही म्हणताहेत की ते बाकडं तू मुद्दाम तसं ठेवलं होतंस, भाचीला माहेर दिसत राहावं म्हणून. माणूस गेला की त्याच्या विसरण्यालाही लोक शहाणपण चिकटवतात. मी त्यांना सांगितलं, नाही, तो विसरला होता. तोंडात टरबूज होतं आणि तो विसरला होता. विसरणारे मला पुष्कळ भेटले. निरोप मिळताच दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभा राहिला असा तूच एक. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण मग तुला वाटलं असतं की वाद तू जिंकलास.

तुझी बातमी कळसाडीला आली तेव्हा मी चुलीपुढे होते. सासू म्हणाली, मीही येते. आता तिला नीट चालवत नाही, नीट दिसतही नाही. त्या वर्षापासून दरवर्षी टरबुजांच्या दिवसात तू तिला धानोऱ्याला न्यायचास, तिचा भाऊ गेल्यावरही न्यायचास, भाच्यांच्या घरी. मला वाटायचं तिला मोटारीची हौस आहे. काल दुपारी तुझ्या ओसरीवर सगळी माणसं तुझं गुणगान करत होती आणि ती खांबाला टेकून बसली होती. मग तिने मला जवळ बोलावलं, माझा हात चाचपला.

"आते माले माहेरले कोन लई जाई?"

ज्या बाईने मला माहेरी पोचवून द्यायचं ठरवलं होतं, ती हे मला विचारत होती. आणि मी, काही विचार न करता, सगळ्यांच्या देखत, म्हणाले, "मी लई जासू."

ती लगेच उठली, पदर नीट केला, आणि उद्याच जाऊ म्हणाली. मामा, मला मोटार येत नाही. तुझ्या मोटारीत कोळसा नाही. मामीकडे बैल नाहीत, माझा नवरा आम्हाला इथे सोडून बैल घेऊन नदीपलीकडे परत गेला. सासू गाठोडं बांधून दारात बसली आहे आणि जो येईल त्याला सांगते आहे की सून मला माहेरी नेते आहे. हे सगळं तू करून ठेवलंस. निदान बैल कुणाचे मागायचे एवढं तरी सांगून जायचं होतंस.